युरानीच्या नावानं लिहिलेलं उत्तर

पितालितो, १४ ऑक्टोबर

अर्सेसिओ,

त्या चिठ्ठीखाली सही युरानीची आहे, पण अक्षर तुझं आहे. तीस वर्षं तुझी पत्रं वाचतेय मी. शाळेत दोनच वर्षं गेले, पण तुझं उजवीकडे कलंडलेलं अक्षर ओळखायला तेवढी पुरतात. ‘मला या कामात रस नाही, मी हिशेबनीस होणार आहे.’ पोटच्या पोरीच्या तोंडी स्वतःचं वाक्य घातलंस, आणि पाकीटही चिकटवलंस.

आता खुशाली. मी बरी आहे, गुडघा दुखतो, कॉफीची काढणी सुरू झालीय. सूनबाईला आशीर्वाद.

चिठ्ठी मला डॉन एवेलिओंनी दाखवली, आपल्या कॉफीवाल्यांच्या सहकारी संस्थेत चव पाहायला बसतात ते. “पोरगी नको म्हणाली हो, अल्सिराबाई.” मी चिठ्ठी पाहिली आणि त्यांच्याच टेबलावर आपटली.

इकडे काय घडलं ते तुला ठाऊक नसेल, कारण तू विचारत नाहीस. जूनच्या सुट्टीत पोरगी माझ्याबरोबर संस्थेत आली होती. टेबलावर वीस पेले, प्रत्येकात वेगळ्या पोत्यातली कॉफी, वर नुसते आकडे. ही वाकून वास घेत गेली आणि सातव्याशी थांबली.

“ह्याला डिझेल लागलंय.”

एवेलिओ हसले. “अगं, त्याला मी आत्ताच चांगले गुण दिलेत.”

“मग परत पिऊन बघा. गार झालाय आता, लपायचं नाही.”

त्यांनी परत घोट घेतला आणि दिलेले गुण खोडले. सातवा पेला कुणाचा? माझा. पोतं मी आठवडाभर डिझेलच्या पिंपाला टेकवून ठेवलं होतं. चारचौघांत माझी शोभा केली कार्टीनं, वर म्हणते, “आजी, उद्या ते पिंप हलव.” एवेलिओ तिला म्हणाले, जानेवारीत हे चव पाहायचं काम शिकायला ये, शिकलीस की ह्याच टेबलाशी बस. ती बसमध्ये सगळी वाट बोलत होती. ती कधी एवढी बोलते का, सांग.

त्या दिवशी त्यांनी माझ्याच दुसऱ्या पोत्यातली कॉफी मला दिली. चांगल्या बिया आपण विकतो आणि घरी टाकाऊ बियांचं काळं पाणी गूळ घालून पितो. तूही त्यावरच वाढलास. एकाहत्तराव्या वर्षी मी माझी कॉफी पहिल्यांदा प्यायले. रडले वगैरे नाही. संताप आला. बोलून गेले, “ही वरच्या उतारावरची, लिंबांच्या बाजूची.” एवेलिओंनी वही उघडली. बरोबर होतं.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहिलंय तर पुढचंही वाच. तू नऊ वर्षांचा होतास. मी नुसत्या वासावर खराब बी काढते हे बघून संस्थेची एक बाई मला कामाला बोलवायला आली होती. तुझा बाप दारात उभा राहून म्हणाला, “तिला नाही जमायचं.” मी त्याच्या मागेच सूप घेऊन बसले होते. जीभ तेव्हाही एवढीच लांब होती माझी. मी बिया निवडत राहिले.

आणि युरानी पाच वर्षांची असताना दूध नासलंय म्हणाली, तेव्हा कुत्र्यासारखी हुंगू नकोस म्हणून तिच्या गालावर मीच ठेवून दिली. दूध नासलेलंच होतं. मलाही वास आला होता.

पोरीनं परत चिखलात जावं म्हणून मी बोगोटात राबलो नाही, असं तू म्हणशील. राबलास, खरं आहे. तिला हिशेबच करायचे असतील तर करू दे, मी चकार शब्द काढणार नाही. पण ते तिनं सांगायचं. महिनाअखेरपर्यंत जागा भरायची नाही, असा दम मी एवेलिओंना दिलाय.

हे पत्र तिच्या हातात दे. नाही दिलंस तर एक तारखेच्या बसनं मी येते, दुखऱ्या गुडघ्यासकट.

आज खाली आई असं लिहीत नाही.

अल्सिरा

तुझा खुलासा नको, फोनही नको. उत्तर युरानीनं लिहायचं, आणि ती लिहीत असताना तू त्या खोलीत थांबायचं नाहीस.