पांढऱ्या धुराचा इलाज

प्रिय शगू,

सलाम. पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फक्त नाक लाल झालंय आणि बोटं वाकत नाहीत, म्हणून अक्षर असं आलंय. तसं ते उन्हाळ्यातही असंच येतं म्हणा. सातवीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, बरं झालं, वह्या सुटल्या. तेव्हा हसायचं तेवढं हस, पण शेवटपर्यंत वाच, आणि एकटीनं वाच.

इथं मनालीच्या वर रस्त्याच्या कॅम्पात सगळं पांढरं आहे. डोंगर पांढरे, पत्रे पांढरे, सकाळी माझ्या मिशासुद्धा पांढऱ्या. तू बघितलंस तर म्हणशील, या बुढ्याशी माझा निकाह कधी झाला? पुणं, सुरत, हैदराबाद, कुठंच माझा पाय टिकला नाही हे तुला लग्नाआधीच दहा जणांनी सांगितलं होतं. इथं टिकलाय, कारण तो गोठलाय. पण काम लई आवडतं बघ. बर्फ लोटायची मशीन चालवतो. रस्ता मोकळा झाला की गाड्या भोंगे वाजवत जातात आणि मला वाटतं, सगळे मलाच सलाम करून चाललेत.

आपल्या ट्रॅक्टरचं ऐकलं. अम्मीनं सांगितलं, धाकट्या भावानं, सलमाननं सांगितलं, तू मात्र 'सब ठीक है' एवढंच म्हणालीस. थंडी पडल्यापासून तो सकाळी पेटतच नाही म्हणे. अब्बा रोज संध्याकाळी त्याला मशिदीजवळच्या उतारावर लावतात, आणि पहाटेची नमाज सुटली की टोप्या घातलेली सगळी मंडळी तशीच धक्का मारायला लागतात. दूध घालून परतणारा शरणप्पासुद्धा सायकल लावून हात देतो. मग अम्मीचा आल्याचा चहा. सलमान म्हणतो, परवा शरणप्पानं अब्बांना विचारलं, 'खाजाभाई, दुरुस्त करायचा विचार तर न्हाय ना? आमचा चा बंद हुईल की!' हे ऐकून मी मशिनीत एकटाच इतका हसलो की खालच्या पोरांना वाटलं मला थंडी चढली.

पण फुफीनं काय म्हटलं तेही कळलं. 'मागच्या थंडीत एका चावीत सुरू होत होता. सून आली आणि बसला.' फुफी अब्बांची थोरली बहीण, तिच्यापुढं घरात कुणी बोलत नाही. मी मात्र ते ऐकल्यापासून सारखा त्या ट्रॅक्टरचाच विचार करतोय. जेवतानासुद्धा.

म्हणून सलमानला म्हटलं, बोलू नको, व्हिडिओ पाठव. बघितला. चावी मारली की सेल्फ चांगला फिरतोय, म्हणजे बॅटरीत जोर आहे. अब्बा उगाच बॅटरीला शिव्या देतात. धुराड्यातून पांढरा धूर येतोय, भसाभसा. धूर आलाच नसता तर म्हटलं असतं डिझेल पोचत नाही, फिल्टर तुंबला असेल नाहीतर पाइपात हवा शिरली असेल. पण पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय, नुसतं जळत नाही. का जळत नाही? आत गार आहे म्हणून. धक्क्यानं चार-सहा फेरे जोरात फिरला की गरम होतो आणि पेटतो. इथं आमच्या मशिनी बर्फात उभ्या असतात, त्यांना कुणी धक्का मारत नाही. आधी हीटर, मग चावी.

हीटर आपल्या ट्रॅक्टरलाही आहे, शगू. इंजिनाच्या अंगाला हवा आत ओढणारी जाड नळी आहे, तिच्यात बसवलाय. चावी डावीकडं दाबून धरली की तो तापतो. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. हीटरच्या डोक्यावरचा नट आहे, पण त्याला वायरच नाही! उंदरानं कुरतडली म्हणावं तर तुकडा तरी लोंबला असता. कुणीतरी नीट सोडवून नेलेली. मी दिवसभर डोकं खाजवलं, आणि एकदम आठवलं आपलं लग्न.

आठवतं का, मे महिन्यात तुझ्या माहेरून, शुक्रवार पेठेतून, तुझी मोटार वैरागपर्यंत आली, आणि पुढं घरापर्यंत मी तुला ट्रॅक्टरवरून नेलं? सलमाननं बॉनेटपासून मडगार्डपर्यंत लुकलुकणाऱ्या लायटी गुंडाळल्या होत्या. तू पदराआडून विचारलंस, 'ये बंद नहीं होते क्या?' आणि मी म्हटलं होतं, आता जन्मभर नाही. त्या लायटींना बॅटरीतून करंट द्यायला जाड वायर हवी होती. शहाण्यानं हीटरची काढली! उन्हाळ्यात हीटर कोण वापरतं? अब्बांनाही कळलं नाही. फोनवर विचारलं तर सलमान म्हणतो, 'भाई, लायटिंग मात्र एक नंबर झालं होतं.' त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय, तो ठेवेल, कारण अब्बांची चप्पल त्याला माहीत आहे.

ती वायर आपल्या खोलीत कपाटावरच्या खोक्यात आहे, लायटींच्या गुंत्यात. लाल, करंगळीएवढी जाड, दोन्ही टोकांना पितळी कडी. अब्बा बाजाराला गेले की बॉनेट उघड. आधी बॅटरीची काळी वायर सोडव, हे विसरू नको. लाल वायरीचं एक टोक हीटरच्या नटाखाली, दुसरं चावीच्या मागं रिकामा स्क्रू आहे त्याला. पाना सलमान देईल. मग काळी वायर लाव, चावी डावीकडं धर आणि त्या जाड नळीला हात लावून बघ. ऊब लागली की समज झालं. अब्बा हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरतात, ते बघितलं तर ओरड, माझं नाव सांग.

पेटवताना गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला, क्लच पूर्ण दाबलेला. स्कूटी चालवणाऱ्या पोरीला हे अवघड नाही. अब्बा चावी डावीकडं धरून बिस्मिल्ला म्हणतात आणि ते संपायच्या आत सेल्फ मारतात. तू चावी डावीकडं धरून पूर्ण अल्हम्दु म्हण, सातच्या सात आयती, मशिदीतल्या मकतबमध्ये लहान पोरं म्हणतात तशी सावकाश. आमीन झालं की मग सेल्फ मार.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं. पण घरी फोन स्पीकरवर असतो, आणि तुझ्या मोबाइलवर लिहिलं असतं तर तू शहाण्या सुनेसारखी ते अब्बांना नेऊन दाखवलं असतंस. मग ट्रॅक्टर अब्बांनी सुरू केला असता, आणि फुफीचं बोलणं तसंच राहिलं असतं. सलमाननं मला अजून एक गोष्ट सांगितली. रोज सकाळी ट्रॅक्टर सुरू होईपर्यंत तू दाराबाहेर येत नाहीस. कुणी तसं सांगितलं नाही, तूच येत नाहीस. शगू, ते ऐकलं आणि मी इथं उभ्या उभ्या पत्र लिहायला घेतलं. अब्बांना मी एवढंच म्हटलंय की शुक्रवारी चावी शगुफ्ताच्या हातात द्या. ते म्हणाले 'बघू'. अब्बांचं बघू म्हणजे व्हय. तेव्हा शुक्रवारी पहाटेची नमाज सुटून माणसं उतारावर आली की बाहेर ये, त्यांच्यामधून चालत जा आणि सीटवर बस. फुफी ओट्यावर असेलच, तिला आधी सलाम कर. मग मला फोन लाव. काही बोलू नकोस, नुसता इंजिनाजवळ धर. मी माझी मशीन बंद करून ऐकत उभा राहीन.

तुझाच, गोठलेल्या पायांचा,
बिलाल