साहेबांसाठी राखलेली भेंडी

गुरुवार, सप्टेंबर १९७८. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज वर्ध्याहून शिक्षण खात्याचे साहेब एकदाचे आले आणि शाळेची परसबाग बघून गेले. ही बाग गावाने उभी केली. पुरुषांनी काट्यांचं कुंपण घातलं, बायका घरचं पाणी भरून झालं की डोक्यावरून पाण्याचा एकेक पितळी गुंड इथे आणून ओततात. कशासाठी? पोरं नुसती भाकर बांधून आणतात, तिच्यासोबत शाळेत भाजी शिजावी म्हणून.

आणि आमचे हेडमास्तर! म्हणे, साहेब येऊन जाईपर्यंत एकही भेंडी तोडायची नाही, बाग भरलेली दिसली पाहिजे. साहेबांचा दौरा पुढे गेला, तरी हुकूम कायम. भेंडी काय दौऱ्यासाठी थांबते? जून झाली. पोरं तिच्याकडे बघत चटणी-भाकर खात राहिली.

साहेब "वा, भरघोस!" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. मग तोडली. विळीवर चिरता चिरेना. तशीच शिजवली, तर पोरांनी चावून चावून चोथा थुंकला.

पाणी घेऊन आलेली कौशल्याबाई दारातून ते बघत होती. हेडमास्तर डबा उघडता उघडता खुशीत तिला म्हणाले, "उद्यापासून जरा जास्त पाणी आणा."

"भेंडी साहेबाची, तं पाणी बी साहेबालेच आणाले सांगजा, मास्तर." भरलेला गुंड तसाच डोक्यावर घेऊन ती घरी गेली.

"बाई, तुम्ही समजवा तिला," हेडमास्तर मला म्हणाले.

मी पातेल्यात उरलेली सगळी भेंडी त्यांच्या डब्यात वाढली.