गाणी सगळी सापडली, भोंगा नाही

भाऊजींना थोरल्या वहिनीचे पोटभर आशीर्वाद. (वयाने मी थोडीशीच थोरली, पण नात्याने आईच्या जागी, तेव्हा मुकाट्याने घ्यायचे.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ज्या माणसाने उभ्या जन्मात धावपळ म्हणून केली नाही त्याच्या तब्येतीला काय धाड भरली आहे? तुमचं इस्त्रीचं दुकान चालू आहे असं कळलं. गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर मिळतात असं मात्र कुणाकडून कळलं नाही. इकडे आम्ही तिघी ठीक आहोत. नात कॉलेजात जाते, सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते, आणि मी खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवते. पत्र मी सांगते आहे, लिहिते आहे सून. मला अक्षरओळख नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. (सून म्हणते, आई, हे कशाला सांगायचं? लिही गं, पत्रात आधी मोकळं बोलायचं असतं.)

फोन सोडून पत्र का, तर तुमच्याच कर्तृत्वामुळे. तुम्ही फोन उचलत नाही. नातीने निरोप टाकला की दुपारपर्यंत तुमच्याकडून अंगठ्याचं चित्र येतं. अहो, अंगठा तर मी जन्मभर उठवत आले, त्यासाठी शिकलेला दीर कशाला हवा होता? आणि घरी येण्याचं तर नावच काढू नका. बसमध्ये नुसतं बसायचं असतं, बस चालवणारा दुसरा असतो, तरी तुम्हाला होत नाही. मी नातेवाइकांना सांगून ठेवलंय, आमचे भाऊजी आळसाचे सख्खे भाऊ आहेत.

तर झालं काय, गेल्या महिन्यात दारावर थाप पडली. उघडते तर एक आडवा गडी, दाढी छातीपर्यंत, नखांत ग्रीस. म्हणाला, "आजी, मी सायलेन्सर." आता दारात येऊन कुणी असं सांगितलं तर माणसाने काय करावं? मी म्हटलं, आमच्याकडे गाडी नाही बाबा, पुढच्या घरी विचार. तर तो तिथेच रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, रडताना हुबेहूब जुना पंप. आत घेतला, पाणी दिलं, तेव्हा उलगडा झाला की तो आपल्या भोंग्याच्या कार्यक्रमातला, त्याचं घर शोधत आलेला.

भोंगा म्हणजे माझा मुलगा हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या कडेवर वाढलेला. पण रेडिओवर तो रविवारी दुपारी काय करायचा हे तुम्हाला नीट ठाऊक असेल असं मला वाटत नाही, कारण ती तुमची झोपेची वेळ. रेडिओवाल्यांनी त्याला मुद्दामच ती वेळ दिली होती. माणसं जेवून आडवी झाली की हिपहॉप वाजवा, म्हणजे तक्रार करायला कुणी जागं नसेल! हे हिपहॉप म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. गाणारा चिडलेला असतो आणि चिडूनसुद्धा ताल सोडत नाही, एवढंच ध्यानात आलं. आपल्या घरात चिडणारे पुष्कळ झाले, ताल कुणालाच नव्हता. तर पोरं फोन करायची, स्वतः रचलेलं म्हणून दाखवायची, आणि भोंगा जागच्या जागी त्यांचं बारसं करायचा. हा गॅरेजमधला पोरगा फोनमध्ये इतका किंचाळायचा की त्याला म्हणाला, तू सायलेन्सर. एक मुलगी ओळ म्हणता म्हणता हसायची, तिचं नाव उचकी. ती आता दवाखान्यात मोठी नर्स आहे, हाताखालच्या पोरी तिला चळचळा कापतात, पण इंटरनेटवर ती अजून उचकीच. त्या सगळ्यांनी तिथे एक पान काढलंय म्हणे, आणि पानावर सगळे माझ्या मुलाने ठेवलेल्या नावांनीच वावरतात. आईबापांनी ठेवलेली नावं बँकेत.

सायलेन्सर स्वतः गाणी करून इंटरनेटवर टाकतो. ऐकणारे म्हणजे कॉलेजातली पोरं, भोंगा होता तेव्हा आपल्या नातीसारखीच पाळण्यात. मी विचारलं, आता तर फोनमध्ये जगातलं प्रत्येक गाणं आहे, मग त्या बंद पडलेल्या कार्यक्रमाचं एवढं काय घेऊन बसलात? तो म्हणाला, "आजी, फोन आम्हाला काल जे आवडलं तेच आज परत वाढतो. भोंगा काय करायचा, असं काहीतरी लावायचा की आम्ही रेडिओला शिव्या घालायचो, आणि पुढच्या रविवारपर्यंत तेच गुणगुणत असायचो." ती पोरं आता गाणं सुरू करताना भोंग्याचंच वाक्य म्हणतात, "आवाज कमी करू नका, शेजाऱ्यांना सवय करा." कुणी ते सदऱ्यावरही छापून घेतलंय. (सून म्हणते, टी-शर्ट म्हणतात त्याला. सदराच तो, बाह्या तोकड्या राहिल्या म्हणून काय झालं.)

मग नातीने तिचा तो डबीएवढा स्पीकर आणला आणि पानावरचं सगळं लावायला घेतलं. तेव्हा लोकांनी रेडिओला टेप लावून जे भरून ठेवलं, ते एकेकाने माळ्यावरून, पेटीतून काढून इंटरनेटवर चढवलंय. आम्ही तिघी ओळीने बसलो. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. मी म्हटलं, आता बोलेल. बोलला नाही. गाणं संपलं की खट्ट, आणि दुसरं गाणं. नुसती गाणी, भाऊजी! ज्याचा कार्यक्रम तोच नाही. सायलेन्सरने मान खाली घातली. म्हणाला, "तो गाण्यावर बोलायचा ना आजी, गाणारा तोंड उघडेपर्यंत हा थांबायचा नाही. कॅसेटवर गाणं स्वच्छ हवं म्हणून आम्ही बटणावर बोट ठेवून बसायचो. तो बोलायला लागला की बंद, गाणं लागलं की चालू. मी तर फार हुशार होतो त्यात." म्हणजे ज्यांचा त्याच्यावर जीव, त्या सगळ्यांनी मन लावून त्याला कापून टाकलाय. आता वाक्य प्रत्येकाकडे आहे, आवाज कुणाकडे नाही. कुणाचं बोट जरा उशिरा पडलंय तिथे थोडंसं सांडलंय. एका ठिकाणी "तर मं" एवढंच आहे. एका ठिकाणी तो श्वास घेतो. एकात खोकलाय, पण तो त्याचाच की टेप लावणाऱ्याचा यावर माझं आणि नातीचं भांडण झालं. मी म्हटलं त्याचाच, लहानपणापासून तो खोकला मी चोळलाय. (इथे सून उठून पाणी प्यायला गेली होती. आता लिहिते आहे.)

मी काय अशी बसून राहणार? दुसऱ्या दिवशी सायलेन्सरला म्हटलं, चल रेडिओवर. त्याच्याकडे बंद पडलेल्या गाड्या ओढायचा ट्रक आहे, त्यात मला चढवायला दोन माणसं आणि एक स्टूल लागलं. मागे एक चेपलेली मोटार लटकलेली, पुढे मी. सिग्नलला माणसं अशी बघत होती की अपघात मीच केलाय. रेडिओची जुनी इमारत तिथे नाहीच, तिथे आता माणसं आरशासमोर घाम गाळतात आणि वर त्याचे पैसे भरतात. नवं ऑफिस काचेचं. तिथला साहेब भला होता, कानाला डबे लावून होता ते त्याने माझ्यासाठी काढले. त्याने कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ शोधलं. म्हणाला, आजी, तो कार्यक्रम थेट जायचा, कुणी भरून ठेवला नाही. जाहिराती तेवढ्या ठेवल्यात, कारण त्यांचा हिशोब द्यावा लागायचा. भोंग्याच्या वेळची एक गादीची जाहिरात त्याने मला लावून दाखवली. गादीवाला सांगतो, शांत झोप घ्या. तिच्यापाठोपाठ भोंगा बोलायचा, हे मला ठाऊक होतं. मी कान टवकारून बसले. गादी संपली, खोलीतल्या पंख्याचा आवाज आला. साहेबाने मला चहा पाजला. देण्यासारखं तेवढंच होतं बिचाऱ्याकडे.

घरात शोधून झालंय. फोटो आहेत. चुलत बहिणीच्या लग्नाची फिल्म आहे, त्यात तो पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहून काहीतरी सांगतोय आणि सगळे पोट धरून हसतायत, पण फिल्मवाल्याने त्यावर बासरी चिकटवलीय. आठवड्याच्या तापात माणूस जातो हे कुणाला ठाऊक असतं? नाहीतर मी बासरीवाल्याचं बखोट धरलं नसतं का!

तर भाऊजी, शेवटी मी विचार केला, की कापण्याचे कष्ट न घेणारा, बटण एकदा दाबून विसरून जाणारा, असा इसम आपल्या ओळखीत कोण? माझ्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहिली. आठवतंय का, भोंग्याने तुम्हाला टेपरेकॉर्डर आणून दिला होता, काका, माझा कार्यक्रम भरून ठेवत जा, मला मी कसा वाटतो ते कळत नाही म्हणून? आणि तुम्ही दुकानात बटण दाबून कपड्यांच्या ढिगाला टेकून झोपायचात. एकदा आम्ही ते सगळे मिळून ऐकलं, तर पुढे तुमचं घोरणं, मग एक बाई जळलेल्या बाहीवरून तुम्हाला फैलावर घेतेय, आणि त्या सगळ्याच्या मागे, पार मागे, भोंगा बडबडतोय. तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो होतो. ती कॅसेट मला हवी. ती बाई राहू द्या, घोरणंही राहू द्या. मला मुलाचा आवाज एकदा ऐकायचाय, बाकी मागणं नाही. शोधायला उठावं लागेल, ते एक कष्ट माझ्यासाठी घ्या.

दुकानात पोटऱ्यांना आणि पाठीला जपा. निखाऱ्याजवळ झोपू नका.

तुमची थोरली वहिनी

ता. क. नात सांगते, इस्त्री कधीची विजेवर आलीय, निखारे कुठले? बरं, तर विजेजवळ झोपू नका.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसेल. सून पाकीट माझ्या हाती देऊन कामावर गेली आणि मी ते न चिकटवता खालच्या औषधवाल्याकडे आणलं. डॉक्टरांचं लिहिलेलं वाचणारा माणूस, माझं बोलणं लिहायला त्याला काय अवघड!

भाऊजी, वर सांगितलं ते खरं नाही. मला कॅसेट लागत नाही. झोपेतून उठल्यावर त्याचा पहिला शब्द कसा घोगरा यायचा तोसुद्धा माझ्या कानात आहे. सायलेन्सर येऊन गेला त्या संध्याकाळी सून कपबशा पुसत होती. म्हणाली, "आई, मला ह्यांचा आवाज आठवत नाही. तोंड हलताना दिसतं, आवाज येत नाही." एवढंच बोलली आणि पुसलेला कप पुन्हा पुसायला घेतला. तुझ्यासाठी मागवते म्हटलं असतं तर तिने हे पत्र लिहून दिलं नसतं.

आणि तुम्ही आळशी नाही. तुमचा आणि त्याचा गळा एक. त्याचे मित्र फोनवर तुम्हालाच भोंगा समजून बोलत सुटायचे. तो गेल्यावर थोड्याच दिवसांनी तुम्ही आलात आणि दारातून नेहमीसारखी हाक मारलीत, "वहिनी, आहात का घरात?" सून आतून ओल्या हातांनी धावत आली. तिचं तोंड तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं. त्यानंतर ना तुम्ही घरी आलात, ना फोनवर बोललात. मी सगळ्यांना सांगत राहिले, आळशी आहेत, आणि तिलाही तेच पटवलं. तेव्हा ते बरोबरच होतं.

आता या. कॅसेट सापडली तर आणा, नाही सापडली तर शोधत बसू नका, तसेच या. रविवारी ती घरी असते. मी तुमच्याशी भांडण उकरून काढीन, तुम्ही मोठ्याने उत्तरं द्या. कशावरूनही बोला, हवामानावर बोला. तिला धक्का बसेल का, असं औषधवाला विचारतोय. बसेल. बसू दे.

बेल वाजवू नका, हाक मारा. मी जागची हलणार नाही. दार ती उघडेल.