खिळ्यांच्या खुणांची भाकर

माय,

उद्या तुझी पणती चर्चमधे प्रभुभोजनाची भाकर मोडणार आहे. माझ्या लेकाची लेक, ती चष्मेवाली, जिले मोठी होईपर्यंत स्वतःची वेणी घालता येत नव्हती. काल मोठमोठ्या पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले अन् ती पाळक झाली. बाईमाणूस, अन् पाळक. तिनं तो पांढरा झगा घातला तं मले हसू आवरेना. सून कानाशी म्हणाली, "आई, तोंड मिटा, सगळे पाहून राह्यले." मी म्हटलं, "पाहू दे, चारच तं दात राह्यले, तेवढेच पाहतील." आता आपल्या चर्चमधे बेकरीचा पाव आणतात, कडा कापून, बारीक चौकोन करून. पण पोरगी म्हणाली, "आजी, उद्याची भाकर तू कर. ज्वारीची. तुझ्या आईच्या तव्यावर." तवा अजून आहे, माय, एका कडेनं फुटका. त्याले गॅस मानवत नाही, म्हणून मागच्या अंगणात विटा मांडून चूल केली, पीठ चाळून ठेवलं. पोरगी आत उपदेश पाठ करून राह्यली, अन् मी तिच्याच वहीचा कागद घेऊन बसली आहे. दुसरीपर्यंत शिकवलं तू, तेवढ्यात जेवढं बसते तेवढं लिहिते.

तिनं विचारलं, "तुझी आईच करायची ना ही भाकर?" मी हाव म्हटलं अन् कोथिंबीर निवडायले घेतली. पुढचं तिले सांगतलं नाही. तुले तं सगळं माहीत आहे, तरी एक गोष्ट नाही माहीत, तू त्या रविवारी चर्चमधून उठून गेल्यावर मागं काय झालं ते. तू कधी विचारलं नाही.

इंग्रजाचं राज्य जायच्या आधीचे दिवस. कोणीतरी तारेच्या तारा कापल्या होत्या अन् ठाण्याच्या कोठडीत चळवळीचे लोक कोंबले होते. फौजदार आपलाच, म्हणजे ख्रिस्ती. जबलपूरकडचा, हिंदीत बोलायचा. चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंचासारखा मानकरी, म्हणून पुढच्या बाकावर बसायचा, प्रभुभोजनाचं ताट तोच फिरवायचा. बाप मेल्यावर आपल्याले मिशनच्या आवारात खोली दिली होती, अन् एक दिवस फौजदार दारात येऊन म्हणाला, "बाई, कैदियों की रोटी तुम बनाओ. सरकार आटा देगी." तू किती खूश झाली. मले म्हणाली, देवानं ऐकलं. संध्याकाळी टोपलं घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा कळलं देवानं काय ऐकलं ते. आत सगळे मोठ्या घरचे, तुळशीच्या माळा घातलेले. फौजदार गजाला टेकून म्हणाला, "क्रिस्तान बनी औरत के हाथ की है. खाओ, देशभक्त." म्हणून तुले काम दिलं होतं, माय. ते खाणार नाहीत म्हणून. तू टोपल्यावरचं फडकं धरून उभी, अन् मी तुझ्या मागं.

मग तो शिंपी उठला. आपला बाजारातला, ज्यानं मागच्या नाताळाले माझं परकर-पोलकं शिवलं होतं, उरलेल्या कापडाची झालर लावून, झालरीचे पैसे न घेता. झेंडे शिवले म्हणून धरला होता, तारा कोणी कापल्या ते सांग म्हणून मारत होते. त्यानं गजातून हात बाहेर काढला, भाकर घेतली, मोडली, खाल्ली अन् म्हणाला, "बाई, मीठ जरा कमी पडलं." तू म्हणाली, "उद्या घालते, दादा." बस, एवढंच बोलणं. त्याच्या मागं दुसरा उठला, मग तिसरा. भाकरी सरल्या. घरी येताना तू सगळी वाट हसत होती, म्हणत होती, "मेलं माझं मीठ काढलं त्यानं."

फौजदाराले ते हसणं महागात पडलं, अन् त्यानं ते शिंप्याकडून वसूल केलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याचं तोंड असं सुजलं होतं की मले तो ओळखूच आला नाही. जबडा एका बाजूले गेलेला. बाकीच्यायले पाणी होतं, त्याले फक्त भाकर, कोरडी. "खाना दिया ना? अब खाए," असं फौजदार म्हणायचा अन् समोर खुर्ची टाकून बसायचा. तू मग भाकर घरूनच गरम पाण्यात भिजवून न्यायले लागली, वरून एक कोरडी ठेवून. मीठ बरोबर घालायची. काही दिवस चाललं. मग एके दिवशी त्यानं फडकं उचललं. भिजलेला गोळा नालीत फेकला, कोरडी भाकर जमिनीवर ठेवली, तिच्यावर बूट ठेवून सगळं अंग टाकलं, अन् पायानं ती शिंप्याकडं सरकवली. "अब नरम हो गई." शिपाई हसले, हसावंच लागते त्यायले. तू वाकून ती भाकर उचलली, फडक्यात गुंडाळली अन् घरी आणली. मी म्हटलं, बकरीले घालू का? तू माझ्या पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला. "हात नको लावू तिले," एवढंच म्हणाली.

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा असायची. ज्याचं भावाशी वाकडं असेल त्यानं तिथं बोलून मोकळं व्हायचं, मग मेजाजवळ यायचं. बायका उठून काय बोलायच्या तं, हिनं माझी घागर फोडली, तिनं माझी कोंबडी हाकलली. तू उठली अन् म्हणाली, "माझं वाकडं वडील फौजदारसाहेबांशी आहे." पाळकांचा चेहरा पिठासारखा झाला. म्हणाले, "बाई, सरकारचं काम मंडळीत आणू नका. आपण सरकारच्या सावलीत आहो." तू म्हणाली, "सरकारचं नाही सांगत, भाकरीचं सांगते. त्यानं भुकेल्याची भाकर तुडवली. त्यानं कबूल करावं, मग ताट धरावं." फौजदार उठला, रुमालानं तोंड टिपलं अन् म्हणाला, "बहन थकी हुई है. इसके लिए प्रार्थना करें." अन् सगळ्या मंडळीनं, माय, डोळे मिटून तुझ्यासाठी प्रार्थना केली. तूच एकटी डोळे उघडे ठेवून उभी होती. मीही मिटले होते, पण फटीतून पाहत होती.

रविवारी पाळकांनी मेजावरचं पांढरं फडकं उचललं अन् त्यांचे हात तसेच राहिले. ताटात ती भाकर. वाळून कडक झालेली, मातीनं काळी, अन् तिच्यात बुटाच्या खिळ्यांच्या खुणा, गोल, रांगेनं, कोणालेही मोजता येतील अशा. मले वाटते सगळ्यायले तेव्हाच समजलं. पाळक हळूच म्हणाले, "बाई, दुसरी आणा." तू बायकांच्या सतरंजीवरून म्हणाली, "दुसरी नाही केली. हीच मोडा." त्यायले ती उचलता येईना. उचलली की खुणा दिसत, अन् तोंडानं 'हे माझं शरीर' असं जे बोलायचं ते बोलता येईना. तेव्हा फौजदारच पुढं आला. त्यानं भाकर घेतली, कडकन मोडली, तुकडा तोंडात टाकला अन् चावला. दातात माती कचकचली, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आली. आमेन म्हणाला. मग ताट घेऊन रांगेनं निघाला अन् एकेकासमोर उभा राहिला, "लो." सगळ्यायनी घेतलं, माय. एकानंही नाही म्हटलं नाही. तुझ्यासमोर आला. तू तुकडा घेतला, पदरात बांधला अन् म्हणाली, "हा ज्याचा आहे त्याले देते." अन् उठून दारातून बाहेर गेली.

इथपर्यंत तुले माहीत आहे. आता मागचं सांगते. तो तुझ्या मागं धावला नाही. ताट फिरवून पुरं केलं, शेवटच्या माणसापर्यंत. माझं वय नव्हतं प्रभुभोजन घ्यायचं, तरी माझ्यासमोर थांबला, माझा गाल त्या मातीच्या बोटांनी धरला अन् म्हणाला, "तेरी माँ अच्छी भाकर बनाती है." मग जागेवर जाऊन शेवटचं गीत त्यानंच उचललं. आवाज चांगला होता त्याचा, खोटं कशाले बोलू. सगळ्यायनी मागं गायलं, सगळी कडवी. त्यायले माहीत होतं तू कुठं गेली अन् आता तो कुठं जाणार. मी पण गायलं. मले ते गीत पाठ होतं. त्यानं टोपी घातली, सगळ्यायले सलाम केला, अन् सावकाश ठाण्याकडं गेला, कारण त्याले कशाचीच घाई नव्हती. मी त्याच्या मागं मागं गेली. म्हणून ते मी पाहिलं. पहारेकऱ्यानं तुले आतल्या दारापर्यंत सोडलं होतं, अन् तू अर्ध्या उघड्या लोखंडी दारातून हात आत घातला होता, तुकडा शिंप्याच्या हातावर ठेवायले. फौजदारानं ते दार लावलं. हात मधे होता. त्याले दिसत होता. त्यानं दार परत उघडलं अन् परत लावलं.

तुकडा पोचला होता. ते तू नंतर मले कितीदा सांगतलं, हळद बांधताना, जशी काही तीच मोठी गोष्ट होती. शिंप्याले बुलढाण्याच्या जेलात नेलं अन् तिथून त्याची फक्त टोपी परत आली. तारा कोणी कापल्या ते त्याले माहीत होतं की नव्हतं, ते अजून कोणाले माहीत नाही. तुझा हात चिरडला त्या रात्री कोठडीतले सगळे उपाशी राहिले, कारण भाकर करणारी नव्हती. मिशननं आपली खोली काढून घेतली. तुझ्या माहेरी जानेफळले गेलो तं मामा म्हणाला, "बाटली तेव्हा विचारलं होतं का मले?" पण ढोरायचा कोठा दिला, बैलांच्या पलीकडची बाजू. तिथं तू मले थापायले शिकवलं. तुझी बोटं वाकडी जुळली होती, पीठ पसरायचं नाही त्यानं. तू डाव्या हातानं माझ्या मनगटावर मारायची. भाकर एका बाजूनं जाड झाली की म्हणायची, "कोणाले देऊन राह्यली ही? कैद्याची असो का देवाची, गोलच पाहिजे." मले तेव्हा तुझा फार राग यायचा. आता माझी भाकर चंद्रासारखी होते, सुनेले विचार.

अन् तो? स्वातंत्र्य आलं तेव्हा ठाण्यावर झेंडा त्यानंच चढवला, त्याच खणखणीत आवाजात गाणं म्हणून. पेन्शन खाऊन, नातवंडं खेळवून, अंथरुणात मेला. माझं लग्न होऊन मी याच गावी परत आली तं चर्चच्या भिंतीत त्याच्या नावाचा संगमरवरी दगड, विश्वासू सेवक म्हणून. तुझ्या नावाचं काही नाही, शिंप्याच्याही नाही. मी दर रविवारी त्या दगडालेच पाठ लावून बसते. उन्हाळ्यात गार लागते. एवढा तरी उपयोग.

पोरीनं आतून हाक मारली, "आजी, अंधार पडून राह्यला, काय लिहितेस?" मी म्हटलं, "हिशोब." ती हसली. तिले उद्याच्या भाकरीत काही खडा लागू नये म्हणून सांगत नाही. सांगीन कधीतरी, आता ती पाळक आहे, तिले ताट कोणासमोर धरायचं ते कळायले पाहिजे. हा कागद पहाटे चुलीत घालीन, तवा लवकर तापेल.

एकच सांगायचं राहिलं. कोठ्यात रोज संध्याकाळी आपण प्रभूची प्रार्थना म्हणायचो, अन् ज्यायनी आपलं वाईट केलं त्यायले माफ केल्याची ओळ आली की तू मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, बैल मान वर करायचे. मी तुझ्या बोटांकडं पाहायची अन् तेवढ्या ओळीले गप्प राहायची. अजून राहते. इतकी वर्षं झाली, कोणाले कळलं नाही. उद्या ही मेजामागं उभी राहील अन् त्या ओळीवर चष्म्यातून नेमकी माझ्याकडं पाहील, लहानपणापासून तशीच पाहते. तिच्यासाठी मी ओठ हलवीन, माय. आवाज काढणार नाही.