बारा सेंटीमीटर

३ मार्च
आमचं भरती-ओहोटीचं संगणकी मॉडेल खाडीत शिरलं की वाट्टेल ते बरळतं! पाणी इतकं असेल, तितकं असेल — सगळे अंदाज. कान धरून ताळ्यावर आणायला प्रत्यक्ष मोजलेल्या नोंदी हव्यात. तशा आहेत फक्त माझ्या बाबांच्या. सव्वीस वर्षं, रोज तीनदा, धक्क्यावरच्या पट्टीवर त्यांनी पाण्याची उंची वाचली. "एक दिवस चुकवला नाही" — हे ऐकतच मी वाढले.

५ मार्च
बाबांच्या आकड्यांशी जुळतंय! उगाचच डोळे भरून आले.

६ मार्च
माशी शिंकलीच. मी तीन वर्षांची होते त्या साली सलग अकरा दिवस बाबांचं पाणी बारा सेंटीमीटर जास्त. बाराव्या दिवशी पुन्हा सुतासारखं सरळ. ना वादळ, ना वारा.
आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "घरी बसून लिहिलेले दिसतायत. गाळून टाक." माझ्या बापाला खोटारडा म्हणाल्या!

९ मार्च
बाबांना विचारलं. म्हणे, माझ्या जन्माआधीच बोट धडकून पट्टी खाली सरकलेली. बरोब्बर बारा सेंटीमीटर. "कोण दुरुस्त करतंय? मी मनातल्या मनात वजा करायचो."
मग ते अकरा दिवस?
"विसरलो असेन."
तेहतीस वेळा?
"जुनी मढी कशाला उकरतेस गं?" टीव्हीचा आवाज वाढवला.

११ मार्च
आजवर टाईप केलेले आकडेच बघत होते. आज बंदराच्या जुन्या दप्तरातून मूळ वही काढली. त्या अकरा पानांवरच्या दोनाला लांब, वळलेली शेपटी. माझ्या शाळेच्या वह्यांवर आईने घातलेला दोन असाच असायचा.
आईला जाऊन तीन वर्षं झाली. कुणाला विचारू?

१२ मार्च
बाबांपुढे पानाचा फोटो ठेवला. टीव्ही त्यांनीच बंद केला.
"घर सोडून गेलो होतो. कायमचा. अकरा दिवसांनी परत आलो तर तुझी आई म्हणाली, उद्यापासून कामावर जा, नोकरी आहे अजून. पुन्हा कधी विषय नाही काढला. तुला कडेवर घेऊन जायची म्हणे धक्क्यावर." मग हळूच, "वजा करायचं तिला कुठे माहीत होतं!"
मला त्यांचा भयंकर राग आलाय. आणि चहाही मीच करून दिला.

१३ मार्च
गाळले नाहीत. बारा वजा केले. मॉडेल तंतोतंत जुळलं.
त्या अकरा दिवसांपुढे नोंद घेणाऱ्याच्या रकान्यात आईचं नाव घातलं. तिने एक दिवस चुकवला नाही.