दोनशे गळ्यांतला एक

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा वाकून (कंबर परवानगी देते तेवढाच) नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी मीठ खरंच कमी केलं, की नुसतं कबूल केलं?

मी ठीक आहे, निदान शनिवारपर्यंत. आमच्या गायकवृंदानं यंदा शंभर वादकांबरोबर एक अवाढव्य सिंफनी अंगावर घेतली आहे. दीड तासाची. पहिला तासभर आम्ही दोनशे जणांनी मागच्या बाकांवर गप्प बसायचं आणि मग बसल्या बसल्याच, श्वास सोडावा इतक्या हळू गायला लागायचं. परवा तालमीत माझा डोळा लागला. मोठ्या ढोलाच्या दणक्यानं जाग आली आणि (साहेब आले की उठायची पस्तीस वर्षांची सवय!) मी ताडकन उभा राहिलो. शेजारच्या दंतवैद्यांची वही, चष्मा आणि पाण्याची बाटली थेट त्याच ढोलावर गेली. शंभर वादक थांबले.

संचालकबाई (बुटक्या आहेत, पण रागावल्या की छताला टेकतात) माझ्यावर पाळत ठेवायला शेजारीच येऊन उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं. बाईंनी माझ्या तोंडाशी कान आणला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हेच हवंय मला! आवाज आहे की नाही तेसुद्धा कळत नाही! शनिवारच्या शेवटच्या तालमीत हे एकटे गाऊन दाखवतील, तुम्ही सगळ्यांनी ऐका." दंतवैद्यांनी हळूच विचारलं, "कसं जमवता हो?" मी म्हटलं, सराव.

आजारी पडावं, असा आमच्या घरातून सल्ला आला. मी साफ नाही म्हटलं. शनिवारी फजिती झाली तर रविवारच्या कार्यक्रमातून माझं नाव जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी जाणार म्हणजे जाणार.

तुझा,
हट्टी धाकटा

ता. क. रविवारचं तिकीट सोबत आहे. पहिली रांग मुद्दामच घेतली नाही. तू खाणाखुणा करतेस.

पुन्हा ता. क. आता खरं सांगतो. शाळेच्या समूहगीतात तू माझ्या कानात म्हणाली होतीस, "तू नुसते ओठ हलव." ताई, मी अजून तेच करतोय. अकरा वर्षांत या वृंदात माझ्या घशातून एक सूर बाहेर पडलेला नाही. पण या वेळी त्या सगळ्या आवाजांच्या मधोमध बसून मला फार गावंसं वाटतं गं. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना गाणं शिकवलंस. गुरुवारी ये आणि मला तेवढी पहिली ओळ शिकव. नाही आलीस तरी शनिवारी मी गाणार आहे, आणि त्याला जबाबदार तू.