नव्या विहिरीचं पाणी

सोनाळा, ८ मे १९३१

माये, दौलतचा तुह्या पायावर माथा.

मी बरा आहो, फिकीर करू नको. चर्चच्या दहा जणांसंगं पंधरा दिवसासाठी इथली अर्धवट विहीर पुरी खोदाले आलो. हाताचे फोड आता बसले. बाबाचा खोकला कसा आहे?

काल पाणी लागलं. गावच्या झुंबरबाईनं पहिली घागर भरली, अन् आमाले वरूनच ओंजळीत पाणी वाढलं. आमी ख्रिस्ती, घागरीले हात लागू देला नाही. विहीर आमीच खोदली होती. मले राग नाही आला, माये. तुहीच आठवण आली.

बाप्तिस्मा घेतला तवापासून माहा पाणी प्याचा गडवा गोठ्यातच राह्यते. येत्या सोमवारी घरी येऊन राह्यलो. मी एकवेळ ओट्यावर बसीन, पण गडवा तेवढा घरात घे.

तुहाच,
दौलत